सकाळी सातची रात्र

१

विमान अजून जमिनीवरच होतं, हेच काय ते नशीब. दोनशे अठ्ठ्याहत्तर प्रवासी पट्टे बांधून बसले होते, दारं लागायची होती, आणि कॉकपिटमध्ये उजव्या खुर्चीवरची सहवैमानिक तपासणीची यादी मांडीवर घेऊन गाढ झोपली होती. कप्तानाने हाक मारली, खांदा हलवला, शेवटी तोंडावर गार पाण्याचा हबका मारला. तिने डोळे उघडले, "हो सर" म्हणाली आणि पुन्हा मान टाकली.

उड्डाण सहा तास लांबलं. परदेशातल्या त्या विमानतळावरच तिचं रक्त तपासलं गेलं. त्यात झोपेच्या गोळीचं औषध सापडलं, तेही चांगलं भरपूर.

"मी आयुष्यात झोपेची गोळी घेतलेली नाही," एवढं एकच वाक्य तिने जबाबात लिहून दिलं होतं.

मंगळवारी ती फाइल चौकशीबाईंच्या टेबलावर आली. कंपनीत त्यांना सगळे चौकशीबाईच म्हणत. वीस वर्षं त्यांनी स्वतः विमानात ट्रॉल्या ढकलल्या होत्या. मग गुडघ्यांनी असहकार पुकारला, तेव्हा कंपनीने त्यांना जमिनीवर आणून या खुर्चीत बसवलं. बाईंचा स्वभाव संशयी, पण उलट्या बाजूने. फाइल जितकी स्वच्छ, तितकं त्यांना वाटायचं की कुठेतरी पाणी मुरतंय.

"यात चौकशी कसली?" साहेब म्हणाले. "माणूस खोटं बोलतो, रक्त खोटं बोलत नाही. कामाच्या आदल्या पूर्ण दिवसात गोळी घ्यायची नाही, आणि एरवीही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाही, हा नियम शेंबड्या पोरालाही माहीत आहे. शुक्रवारी सही करून द्या."

सही झाली असती तर मुलीचा परवाना कायमचा गेला असता. वय अठ्ठावीस. कर्ज काढून, रक्त आटवून मिळवलेला परवाना.

बाईंनी फाइल उघडली. तिच्या वस्तूंच्या यादीत शेवटून दुसरी ओळ होती: 'कागदी पुडी, एक. तपकिरी पूड, गोड वास.' पुढे कोणीतरी कंसात लिहिलं होतं, 'खाद्यपदार्थ'. आणि पुडीकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

बाईंनीही त्या दिवशी ती ओळ वाचली आणि पान उलटलं. याची खंत त्यांना पुढे बरेच दिवस राहिली.

२

मुलगी चणीने लहान, म्हणून तळावर सगळे तिला चिमणी म्हणत. समोर बसली तेव्हा तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

"झोपतेस का नीट?" बाईंनी पहिला प्रश्न विचारला.

"झोपते की मॅडम. छान झोपते." उत्तर इतक्या पटकन आलं की पाठ केल्यासारखं वाटलं.

"हा मार्ग नवा होता ना तुला?"

"पहिलीच फेरी. आधी मी जवळच्या मार्गांवर होते, दोन-तीन तासांचा फरक. हे ठिकाण घड्याळात आपल्या साडेसात तास पुढे. तीन दिवसांचा मुक्काम. रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही, आणि सकाळी आठ-साडेआठला मात्र अशी झोप यायची की दुपार झाली तरी उठवायचं नाही. मला वाटलं, शरीराचं घड्याळ बिघडलंय. सगळ्यांचंच बिघडतं."

"तिन्ही दिवस सकाळीच?"

"हो. पहाटे पोचलो त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, आणि तिसऱ्या दिवशी…"

बाईंनी खाण्यापिण्याची यादी मागितली. चिमणीने आठवून आठवून सांगितली: अंडी, पाव, सूप, फळं. कोणाच्या हातचं काही नाही, सगळं हॉटेलच्या उपाहारगृहातलं, सगळ्यांबरोबर बसून.

"खोलीत काही मागवलंस?"

"नुसतं गरम पाणी. रोज सकाळी पावणेसातला."

"कशाला?"

"आईची कोकोची पूड असते माझ्याजवळ. ती पाण्यात घालून पिते. लहानपणापासूनची सवय आहे." ती जरा हसली. "या वेळी आईने साखर जास्तच घातली होती. मी म्हटलंसुद्धा तिला."

"आईला काय सांगितलंस या प्रकरणाचं?"

चिमणीने मान खाली घातली. "सुट्टीवर आहे, असं सांगितलंय. बाबा गेल्यापासून तिला काळजीची सवयच लागलीये. मॅडम, तिला कळवू नका ना."

जाता जाता ती दाराशी थांबली आणि म्हणाली, "एक सांगायचं राहिलं. कप्तानांच्या खिशात गोळ्या असतात. सगळ्यांना माहीत आहे."

३

कप्तान निवृत्तीला दीड वर्ष राहिलेला, पांढऱ्या मिशांचा, चेष्टेखोर गृहस्थ. पण त्या दिवशी चेष्टा आटली होती.

"आहेत माझ्याकडे गोळ्या," तो म्हणाला. "डॉक्टरांची चिठ्ठी आहे. मुक्कामाच्या पहिल्या रात्री एक, बस. चोरून काही नाही."

बाईंनी त्याची पट्टी मागून घेतली. फेरीला निघताना कंपनीच्या डॉक्टरांनी नोंद केली होती, दहा. मुक्कामाची एक वजा करून परतल्यावर नऊ असायला हव्या होत्या. पट्टीत सात होत्या.

"दोन कुठे गेल्या, कप्तान?"

त्याने मिशीवरून हात फिरवला.

"तुम्ही मला इतकी वर्षं ओळखता, बाई."

"म्हणून तर विचारतेय."

"मी खाल्ल्या." तो खालच्या आवाजात म्हणाला. "पहिल्याच रात्री आणखी एक, आणि घरी आल्यावर एक. कामाच्या आदल्या दिवशी नाही, देवाशपथ. पण हल्ली एका गोळीने भागत नाही. पस्तीस वर्षं सूर्याच्या मागे-पुढे धावलो, आता झोप मला ओळखच दाखवत नाही. हे डॉक्टरांना कळलं तर उद्याच घरी बसवतील."

बाईंनी त्याचं रक्त तपासल्याचा कागद पाहिला. त्या सकाळी त्याच्या रक्तात काही नव्हतं. आणखी एक गोष्ट होती. चिमणीला तीन सकाळी तशी झोप आली होती. तीन सकाळींना तीन गोळ्या लागल्या असत्या, आणि इथे हिशेब दोनांचाच चुकत होता. माणूस लबाडी करत होता खरा, पण ती स्वतःशीच.

"आज डॉक्टरांकडे जा," बाई म्हणाल्या. "तुमच्या पायांनी गेलात तर सन्मानाने घरी बसाल."

तो उठला. "पोरगी चांगली आहे हो," तो म्हणाला. "पण मुक्कामात मी दोनदा सकाळी तिचं दार ठोठावलं. उघडलं नाही. गोळी घेतल्याशिवाय माणूस असा झोपत नाही. ते मला कळतं. आणि आतलं ताईला विचारा. ती आत गेली होती."

४

ताई म्हणजे केबिनची मुख्य. हाताखालच्या दहा जणांना धाकात ठेवणारी, पण मनाने साधी.

"मला त्या पोरीचं वाटोळं करायचं नाहीये," तिने सुरुवातीलाच सांगितलं. "पण डोळ्यांनी पाहिलं ते सांगायलाच हवं."

"सांग."

"शेवटच्या दिवशी आठला बस होती. सातला मी तिच्याकडे इस्त्री मागायला गेले. दार नुसतं लोटलेलं. बाहेर इतकं लख्ख ऊन, की डोळे दिपावेत. आणि हिच्या खोलीत मिट्ट अंधार! जाड पडदे ओढलेले, उशाशी छोटा दिवा लावलेला. पलंगावर बसली होती, हातात कप. अंगात पूर्ण गणवेश, पट्ट्यांसकट, आणि वर झोपायचा गाऊन चढवलेला. गळ्यापर्यंत बटणं लावून! मला पाहिल्यावर अशी दचकली की काय सांगू. ओठांवर बोट ठेवलं आणि हातानेच 'जा' म्हणाली."

"फोनवर होती?"

"फोन समोर उभा करून ठेवला होता, टेबलावर. कोणाशी बोलत होती की काय बघत होती, कळलं नाही. मी आपली मागे फिरले. आता सांगा, ज्याला लपवायचं नाही तो दिवसाढवळ्या अंधार कशाला करेल? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय."

ताई गेल्यावर साहेबांनी दारातून डोकं आत घातलं. "साक्षीदारही मिळाला म्हणे. आता तरी सही?"

"शुक्रवार म्हणालात ना? आज बुधवार आहे," बाई म्हणाल्या.

५

गुरुवारी सकाळी बाईंनी चहा गार होऊ दिला आणि विचार करत बसल्या.

ज्याला गोळी चोरून घ्यायची आहे, तो दाराला कडी लावतो. हिने पडदे ओढले, पण दार लोटलेलंच ठेवलं. म्हणजे दारातून येणाऱ्या माणसापासून तिला काही लपवायचं नव्हतं. मग कोणापासून? अंधार हवा असता तर दिवा कशाला लावला? आणि तासाभरात उतरवायचाच असलेला गाऊन इस्त्रीच्या गणवेशावर कोण चढवतं?

तिला अंधार नको होता. तिला रात्र हवी होती. खोलीत नसलेल्या, फक्त फोनच्या चौकटीतून बघणाऱ्या माणसाला दाखवण्यापुरती रात्र.

बाईंनी घड्याळाचा हिशेब केला. तिथे सकाळचे सात, म्हणजे इथे घरी रात्रीचे साडेअकरा. रोज रात्री साडेअकराला, जगाच्या पाठीवर कुठेही असली तरी, ही मुलगी कोणाबरोबर कप घेऊन बसत असेल? त्याला फार डोकं लावायची गरज नव्हती. आईला काळजी नको, म्हणून जी नोकरीवरचं संकट 'सुट्टी' म्हणून खपवते, ती उलटं झालेलं घड्याळ का खपवणार नाही? 'इथेही रात्रच आहे आई, झोपतेच आता.'

कप म्हटल्यावर बाईंना ती ओळ आठवली. कागदी पुडी, एक. खाद्यपदार्थ.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात तो हाच. बाई गुडघे विसरून तळघरातल्या सामानखोलीत गेल्या. मोहोरबंद पिशवीत पुडी होती. पांढऱ्या कागदाची, चारी कडा एकसारख्या मुडपलेल्या, टोक आत खोचलेलं. अशी घडी हौशी हाताची नसते. पूर्वी इस्पितळात औषध मिळायचं ते अशाच पुडीत.

पुडी प्रयोगशाळेकडे पाठवून बाईंनी चिमणीच्या कागदपत्रांत आईचा व्यवसाय पाहिला. 'सेवानिवृत्त. इस्पितळ, औषध विभाग.'

दुपारी प्रयोगशाळेचा फोन आला. बाईंनी ऐकून घेतलं, आभार मानले आणि फोन ठेवून दिला. उत्तर अचूक निघालं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटलं, चुकलं असतं तर बरं झालं असतं.

६

चिमणीला त्या दुपारी वैद्यकीय तपासणीला बोलावलं होतं. बाई तिच्या घरी गेल्या त्या ती वेळ साधूनच.

दार उघडणारी बाई ठेंगणी, नीटनेटकी होती. कंपनीतून आल्याचं कळताच तिचा चेहरा उजळला.

"या ना, या. सुट्टीत भेटायला आलात तिला? बाहेर गेलीये हो, येईलच इतक्यात." खुर्ची पुसून तिने पुढे केली. भिंतीवर औषधनिर्माता म्हणून नोंदणीचा दाखला चौकटीत लावलेला होता. "एकतीस वर्षं औषधखोलीत काढली. हजारो पुड्या बांधल्या, पण मात्रा कधी चुकली नाही माझी. डॉक्टर मोठमोठे, पण मला विचारून लिहायचे."

"लेकीलाही पुड्या बांधून देता म्हणे?"

"सांगितलं वाटतं तिने?" आई लाजल्यासारखी हसली. "रोज रात्री साडेअकराला आम्ही दोघी एकत्र कोको पितो. ती तिथे, मी इथे. तिचे बाबा गेल्यापासून. तेवढाच आधार, माझा तिला म्हणा की तिचा मला."

"या वेळी साखर जास्त होती म्हणाली."

आईचं हसू जरासं अडखळलं. मग तिने दाराकडे पाहिलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"तुम्ही वयाने मोठ्या आहात, तुम्हाला समजेल. गेल्या महिन्यात पोरगी फेरीवरून आली ती जेवणाच्या ताटावरच रडायला लागली. झोप नाही म्हणे. मी म्हटलं, डॉक्टरांकडून गोळी लिहून घे. तर म्हणते, नको, एकदा नाव लागलं की सगळे वाकड्या नजरेने बघतात. मग मी काय करायचं होतं? मला मिळतात ना गोळ्या, हे गेल्यापासून. मी माझ्या बंद केल्या. जागी राहते, काय बिघडतं माझं? खलात बारीक वाटल्या आणि एका पुडीत एक, अगदी काट्यावर तोलून घातल्या. कडू लागू नये म्हणून साखर वाढवली. तीन रात्रींच्या तीन, आणि एक वरची." तिचे डोळे भरून आले होते, पण समाधानाने. "रात्री साडेअकराला घेतली की सकाळी आठला ताजीतवानी. आठ तासांच्या वर अंमल राहत नाही तिचा. आणि खरंच झोपली हो! तिकडून स्वतः म्हणाली, आई, काय गाढ झोप लागली!"

चौकशीबाईंनी शेकडो जबाब घेतले होते. लबाड माणसाला कोंडीत पकडताना त्यांना मजाही यायची. इथे पकडण्यासारखं काहीच नव्हतं. त्यांनी आईचा हात धरला.

"तुमची मात्रा चुकली नाही," त्या म्हणाल्या. "पण तिथे तेव्हा रात्र नव्हती हो. सकाळचे सात वाजले होते."

आईला आधी कळलंच नाही. "असं कसं? मी पाहिलं ना. अंधार होता. दिवा लावला होता उशाशी. गाऊन घालून बसली होती."

"तुम्हाला दिसावं म्हणून."

मग बाईंनी सगळं सांगितलं. विमान, प्रवासी, पाण्याचा हबका, रक्त, शुक्रवार. आई ऐकत गेली आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. तिने एकच प्रश्न विचारला.

"उडालं असतं तर?"



७

चिमणी आली तेव्हा आई टेबलाशी बसून लिहीत होती. बाईंना तिथे पाहून ती जागीच थबकली. तिने कागद वाचला, दोनदा वाचला.

"मॅडम, हे लावू नका फाइलला," ती म्हणाली. "लिहा की मीच गोळी घेतली."

"मग परवाना जाईल."

"जाऊ दे. हिच्यावर गुन्हा दाखल होईल. म्हातारपणी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढवू का तिला? आपलेच दात, आपलेच ओठ."

"तू गप्प बैस," आई म्हणाली. "लिहिलंय ते खरं आहे." तिने खाली सही केली. अक्षर जराही थरथरलं नव्हतं.

ती सही पाहून मात्र चिमणीचा बांध फुटला. "विचारायचंस तरी मला! एकदा तरी विचारायचंस!"

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"मग त्याचा अर्थ नको असाच होता ना, आई? दोनशे अठ्ठ्याहत्तर माणसं होती माझ्या मागे. त्यांच्यातही कोणाच्या तरी आया होत्या."

आईने पदराने तोंड पुसलं. "तू म्हणालीस रात्र आहे," ती हळूच म्हणाली. "मी विचारलं होतं तुला, किती वाजले तिथे? तू म्हणालीस, इथेही रात्रच आहे."

खरं होतं ते. चिमणी तसंच म्हणाली होती, तीनही दिवस.

बाईंनी कागद घेतला. त्यांना त्या घरातून लवकरात लवकर बाहेर पडायचं होतं.

८

परवाना वाचला. पोलिसांत गेलेलं प्रकरण वय बघून, सक्त ताकीद देऊन मिटवण्यात आलं. आईला मात्र भिंतीवरचा दाखला परत करावा लागला. कप्तान आपणहून डॉक्टरांकडे गेला आणि ठरल्या वेळेच्या सव्वा वर्ष आधी घरी बसला. साहेबांनी बाईंची पाठ थोपटली. "सुतावरून स्वर्ग गाठलात," म्हणाले. बाईंना ते कौतुक टोचलं.

चिमणी पाच महिन्यांनी पुन्हा उडायला लागली. तोवर ती घर सोडून विमानतळाजवळच्या कर्मचारी वसाहतीत राहायला गेली होती. ताईकडून तिची खबर बाईंच्या कानावर येई. मुक्कामात ती कोणाच्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही. बाटलीचं झाकण स्वतः उघडते. झोप तर नाहीच, पहाटेपर्यंत हॉटेलच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालते. विचारलं तर म्हणते, छान झोपले.

एका दुपारी शिपाई सांगत आला, कोणी बाई भेटायला आल्यात. आई होती. बारीक झालेली, पण तशीच नीटनेटकी. काही काम नाही म्हणाली. बसायलाही तयार नव्हती. टेबलाची कड धरून उभी राहिली.

"फोन येतो तिचा रविवारी," ती म्हणाली. "चांगलं बोलते. पण तिला काही विचारायचं मला आता धाडस होत नाही. आणि विचारलं तरी ती खरं सांगेल, असं कुठल्या तोंडाने म्हणू? तुम्हाला इथे सगळं कळतं. म्हणून तुम्हाला विचारते. झोपते का हो ती नीट?"

चौकशीबाईंनी या खुर्चीत बसून कधीही खोटं सांगितलं नव्हतं. साहेबांना नाही, वैमानिकांना नाही, मेलेल्या माणसाच्या नातेवाइकांनाही नाही. तो त्यांचा एकुलता एक अभिमान होता. त्यांनी त्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"झोपते की," त्या म्हणाल्या. "छान झोपते."

आईने मान हलवली आणि पिशवी खांद्याला लावली.

"तीसुद्धा अगदी असंच म्हणायची," ती म्हणाली.